झेंडूचा उभा मळा आणि आगाऊ पैसे

भाद्रपद सरत आला की करावे गावात परसातली काकडी-दोडकी उतरणीला लागतात. आळी मोकळी करून, ओल आहे तोवर मेथी, मुळा, कोथिंबीर पेरावी. मेथी महिनाभरात, बाकीची दीड महिन्यात हाती येते. गावची भातखाचरे मात्र नवी मुंबईच्या वसाहतीत गेली. त्यामुळे विक्रीचा माल वाशीच्या बाजारातून नाहीतर थेट पुणे-नाशिककडच्या मळ्यांतून येतो.

इथेच व्यापारी बांधव अडकतात. दसऱ्यासाठी झेंडूचा मळा कळी धरण्यापूर्वीच उक्ता घेतात. परतीच्या पावसात फूल कुजले की नुकसान कोणाचे यावर तंटा. फळाची तयारी दिसण्यापूर्वी विक्री प्रेषितांनी (स.) मना केली, ती अशाच तंट्यांमुळे.

आगाऊ पैसे द्यायचेच तर ‘सलम’ करावा. मालाची जात, प्रत, वजन, तारीख व पोचवण्याची जागा ठरवावी. अमक्याच मळ्याचा माल अशी अट नसावी. हनफी असो वा आपल्या कोकणातला शाफई, किंमत त्याच बैठकीत पूर्ण चुकती व्हावी लागते. निम्मा बयाणा देऊन सलम होत नाही, आणि आपल्याकडे तर सर्रास बयाणाच चालतो! मुदतीचा व्यवहार साक्षीदारांसमोर लिहून घ्यावा (सूरह बकरा, आयत २८२).