शितावरून ग्रंथीची परीक्षा

साताऱ्यातील एखाद्या साठीच्या शिक्षकांच्या रक्तात ‘पीएसए’ दर मिलिलिटरला ६ नॅनोग्रॅम आढळले, असे समजू. पीएसए हे पुरःस्थ म्हणजेच प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे प्रथिन. ते ४ च्या वर गेले की कर्करोगाची शंका येते. पण वयोमानाने ग्रंथी वाढली किंवा तिला जंतुसंसर्ग झाला, तरीही ते वाढते. ४ ते १० या टप्प्यात साधारणपणे चारांत एकालाच कर्करोग सापडतो.

खात्रीसाठी बायॉप्सी करावी लागते. म्हणजे सुईने ग्रंथीचे तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. नेहमीच्या पद्धतीत ठरावीक जागांचे सुमारे बारा नमुने घेतात. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात सगळीकडे सारखा शिजतो. ग्रंथीचे तसे नाही. सुई घातक गाठीच्या शेजारून निघून जाऊ शकते. म्हणून आधी एमआरआय काढून संशयित जागीच सुई घालतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ५०० पुरुषांच्या चाचणीत अशा रीतीने ३८ टक्के जणांत दखलपात्र कर्करोग सापडला. जुन्या पद्धतीने २६ टक्के जणांत.

पेशींच्या बिघाडावरून ग्लीसन अंक ठरतो. तो ६ असेल, तर रोग बहुधा मंदगती असतो. अशा वेळी ‘सक्रिय देखरेख’ हा पर्याय असतो: ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय, गरजेनुसार पुन्हा बायॉप्सी आणि रोग बळावला तरच उपचार.

यात धोका किती? ब्रिटनमध्ये १,६४३ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गट केले. पंधरा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. या कर्करोगाने झालेले मृत्यू देखरेखीत ३.१, शस्त्रक्रियेत २.२ आणि किरणोपचारात २.९ टक्के होते. रोग शरीरात पसरण्याचे प्रमाण मात्र ९.४, ४.७ आणि ५ टक्के होते. दुसऱ्या पारड्यात शस्त्रक्रियेनंतर लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता गमावण्याची शक्यता येते.

देखरेख म्हणजे दुर्लक्ष नव्हे. तिचा सारा भरवसा न चुकता तपासणीला येण्यावर आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारले तेव्हापासून मिरज हे उपचारांचे गाव. तरीही जतच्या शेतमजुराला तिथली प्रत्येक खेप म्हणजे बुडालेली रोजी. ज्याला वर्षानुवर्षे येणे जमणार नाही, त्याचा हिशेब वेगळा होतो. म्हणून ‘रोग कोणत्या प्रतीचा?’ या प्रश्नाबरोबरच ‘पुढची तपासणी कधी, कुठे आणि किती खर्चाची?’ हेही आपण डॉक्टरांना विचारायला हवे.