बक्षीस नाही मिळालं? मग काय झालं!

मित्रांनो, शंभर मीटरच्या शर्यतीत पहिला कोण, ते घड्याळ सांगतं. चित्राला कुठलं घड्याळ लावणार? समजा, नळदुर्गचा पाणी महाल दोघांनी काढला. एकाने दगड न् दगड रेखला, दुसऱ्याने नुसत्या रंगांतून कोसळतं पाणी दाखवलं. एका परीक्षकाला पहिलं भावेल, दुसऱ्याला दुसरं!

थोरांनाही हे चुकलं नाही. १८६३ साली पॅरिसच्या प्रदर्शनाने हजारो चित्रं नाकारली. ओरड झाली, तेव्हा सम्राटाने नाकारलेल्या चित्रांचं वेगळं प्रदर्शन भरवायला लावलं. तिथे माने यांच्या चित्राला लोक हसले. आज तेच चित्र पॅरिसच्या संग्रहालयात मानाने झळकतंय.

१९३५ मध्ये सिमल्याच्या प्रदर्शनात अमृता शेरगिल यांची काही चित्रं नाकारली गेली. एकाला बक्षीस मिळालं, ते त्यांनी परत केलं. १९३७ मध्ये त्यांच्या 'तीन मुली' या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं!

मग परीक्षकांचं ऐकायचंच नाही का? तसं नव्हे. "काय कमी पडलं?" हे चित्रकलेच्या सरांना विचारा. पटलं तर सुधारा. नाही पटलं, तरी चित्र फाडू नका. मागे तारीख घालून जपून ठेवा.

आणि आई-बाबा, "कितवा नंबर?" विचारण्याआधी चित्र बघायला मागा हं!