कपाळावरची राख आणि यादीतलं नाव

राखेच्या बुधवारी चर्चमधून बाहेर पडताना दरवर्षी मला एक गंमत वाटते. त्या दिवशी मिस्सेत मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचतात. उजवा हात दान करतो ते डाव्याला कळू देऊ नका, दार लावून प्रार्थना करा, उपवास असला तर तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, म्हणजे तो लोकांना दिसणार नाही, असं प्रभू येशू त्यात सांगतो. हे ऐकून झालं की आपण रांगेत उभे राहतो, कपाळावर राख लावून घेतो आणि तशीच बाजारातून घरी नेतो!

धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलाने मला हेच विचारलं होतं. "सर, येशू तोंड धुवायला सांगतो, मग आम्ही राख का पुसायची नाही?" काहीतरी सांगून मी तेव्हा वेळ मारून नेली. खरं उत्तर मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. ते पुढे कळलं, तेही ठेच लागल्यावर.

काही वर्षांपूर्वी एका चर्चच्या महोत्सवाची स्मरणिका निघाली. रविवारचे धर्मशिक्षणाचे वर्ग मी तिथे तीसेक वर्षं घेतले होते. स्मरणिका हातात पडल्यावर फादरांचा संदेश नाही वाचला, इतिहास नाही वाचला. आधी शिक्षकांची यादी काढली. माझं नाव नव्हतं. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, छापताना राहून गेलं होतं. पण मला ते फार लागलं. तोंडाने म्हणत होतो, "जाऊ द्या हो, नावात काय आहे!" आणि पुढचे तीन महिने मागच्या बाकावर बसून, मिस्सा संपताच कुणाशी न बोलता घरी जात होतो. वर्ग घ्यायलाही गेलो नाही. तीस वर्षं देवासाठी शिकवतोय असं समजत होतो. एक ओळ गळली आणि मी कुणासाठी शिकवत होतो ते उघडं पडलं.

त्याच दिवसांत संत जोसेफ वाझ यांचं चरित्र पुन्हा वाचलं. ते 1651 साली गोव्यात बाणावलीला जन्मले. 1687 मध्ये ते श्रीलंकेत उतरले. किनारपट्टीवर तेव्हा डचांची सत्ता होती आणि कॅथलिक धर्मगुरूंना तिथे बंदी होती. म्हणून त्यांनी झगा उतरवला, मजुराचे कपडे घातले आणि गळ्यात जपमाळ घालून दारोदार भीक मागितली. जपमाळ पाहून कुणाचा चेहरा बदलला, की हे घर आपलं, एवढी खूण त्यांना पुरे होती. मग रात्री गुपचूप मिस्सा व्हायची. पुढे कँडीच्या राज्यात हेर समजून त्यांना कैदेत टाकलं. 1697 मध्ये तिथे देवीची साथ आली, तेव्हा घरच्यांनी टाकून दिलेल्या रोग्यांची त्यांनी सेवा केली. धर्म कुठला हे विचारलं नाही. मोठं धर्माधिकारपद चालून आलं, तेही त्यांनी नाकारलं. 16 जानेवारी 1711 रोजी कँडीलाच ते वारले. 2015 साली पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत घोषित केलं. मध्ये 304 वर्षं गेली. त्यांची कबर नेमकी कुठे आहे, हे आजही कुणाला सांगता येत नाही.

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. या माणसाला कबरीवरही नाव मिळालं नाही, आणि मी स्मरणिकेतल्या एका ओळीसाठी रुसलो होतो!

पण संत लांबचे असतात. "ते संत होते, आपण साधी माणसं," असं म्हणून सुटता येतं. मला सुटू दिलं नाही ते आमच्या एका मावशींनी. वेदीवरची वस्त्रं आणि चषक पुसायचे छोटे रुमाल त्या घरी नेऊन धूत, इस्त्री करून शनिवारी आणून ठेवत. वीस-बावीस वर्षं. त्या पडून पाय मोडला तेव्हाच आम्हा पुष्कळांना हे कळलं, कारण वेदीवरचं कापड मळकं दिसू लागलं. भेटायला गेलो तर त्यांना काळजी दुसरीच. "सर, ते रुमाल धुतात त्यांना सांगा, पहिलं पाणी मोरीत टाकायचं नाही. झाडाच्या मुळात घालायचं. त्याला प्रभूचं रक्त लागलेलं असतंय." मी म्हटलं, "मावशी, इतकी वर्षं तुमचं नाव कुणी घेतलं नाही, वाईट नाही वाटलं?" त्या हसल्या. "काय ओ सर! कापड स्वच्छ असलं तर कुणाच्या लक्षात कशाला येईल? डाग पडला तर बघतात."

त्या रविवारी मी वर्गावर परत गेलो.

इथे एक सांगायला हवं, नाहीतर चुकीचा अर्थ निघेल. नम्रता ही ज्याची त्याने पत्करायची असते, दुसऱ्यावर लादायची नसते. "त्यांना कुठे नावाची हौस आहे" असं म्हणून आपण झाडणाऱ्याला, धुणाऱ्याला, विशेषतः बायकांना, वर्षानुवर्षं विसरून जातो. ती आपली नम्रता नव्हे, आपला कृतघ्नपणा आहे. मावशींनी नाव मागितलं नाही हे त्यांचं मोठेपण, आणि आम्ही बावीस वर्षं साधी विचारपूस केली नाही हा आमचा दोष. तसंच स्वतःला कमी लेखणं म्हणजेही नम्रता नव्हे. "मी काय, पापी माणूस" असं म्हणून समोरचा "छे छे, तुम्ही तर..." कधी म्हणतो याची वाट बघणं, हे मी पुष्कळ केलं आहे. आणि चांगलं काम दिसलं म्हणून बिघडतही नाही. तुमचा प्रकाश लोकांपुढे पडू द्या, असं येशूनेच त्याच डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलंय. काम दिसावं, पण दिसण्यासाठी करू नये.

त्या मुलाला आज उत्तर देता येईल. बाळ, राख ही उपवासाचं बक्षीस नव्हे. तू माती आहेस, ही ती आठवण आहे. कलेक्टरच्या कपाळावर तीच आणि हमालाच्याही तीच. तिच्यावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. म्हणून पुसायची नाही.

प्रायश्चित्तकाळाच्या या चाळीस दिवसांत मांस सोडावं, गोड सोडावं, चांगलंच आहे. त्यासोबत एक काम असं करावं जे घरातही कुणाला सांगायचं नाही. एखाद्या आजाऱ्याकडे जाऊन बसावं, एखाद्या मुलाची फी भरावी, ज्याच्याशी अबोला आहे त्याच्यासाठी रोज एक जपमाळ म्हणावी. करून बघा. काम सोपं असतं, न सांगणं अवघड जातं. मी या वर्षी एक ठरवलंय. काय ते लिहिणार होतो, पेन थांबलं.