‘खाली बस’ म्हटल्यावर उभी राहणारी मुलं

साठच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या एका शाळेत पहिलीचा एक भलामोठा वर्ग होता. ४८ मुलं आणि मिळून शिकवणाऱ्या दोन शिक्षिका. मुलं सारखी जागेवरून उठायची. कुणी शार्पनर मागायला, कुणी खिडकीतून बघायला, कुणी नुसतंच. इलिनॉय विद्यापीठातले वेस्ली बेकर, चार्ल्स मॅडसन आणि त्यांचे सहकारी हे सगळं मोजायला बसले. दर दहा सेकंदांना सरासरी तीन मुलं जागा सोडून उभी सापडत. बाई वीस मिनिटांत साधारण सात वेळा ‘खाली बस’ म्हणत.

संशोधकांनी बाईंना सांगितलं, आता जरा जास्त वेळा बोला. बाईंनी मनावर घेतलं आणि आकडा वीस मिनिटांत २७च्या वर नेला. कुणीही म्हणेल, आता वर्ग चिडीचूप झाला असेल. झालं उलटंच. दहा सेकंदांना उभी राहणारी मुलं तीनावरून साडेचारावर गेली. बोलणं पूर्वीइतकं कमी केलं, तर उठणंही कमी झालं. पुन्हा वाढवलं, तर पुन्हा वाढलं. शेवटी बाईंनी उठणाऱ्यांकडे काणाडोळा केला आणि जागेवर बसून काम करणाऱ्यांचं कौतुक सुरू केलं. उभी राहणारी मुलं दोनाच्याही खाली आली.

या प्रयोगातली खरी गंमत आकड्यांच्या आड आहे. बाई ज्याला ‘खाली बस’ म्हणत, तो पोरगा खरोखरच खाली बसत असे! म्हणजे बाईंच्या दृष्टीने उपाय दर वेळी लागू पडत होता. फक्त तेवढ्यात पलीकडचे दोघे उठलेले असत. ओरडल्यावर दोन क्षण शांतता मिळते, त्या शांततेची चटक लागते आणि म्हणून आपण पुन्हा ओरडतो. बाई मुलांना वळण लावत होत्या. मुलंही बाईंना लावत होती, आणि मुलांची पद्धत जास्त पक्की होती.

हा प्रयोग १९६८ सालचा. त्याच वर्षी ‘उपयोजित वर्तन विश्लेषण’ या विषयाचं स्वतंत्र नियतकालिक अमेरिकेत निघालं आणि डोनाल्ड बेअर, मॉन्ट्रोज वुल्फ आणि टॉड रिस्ली यांनी त्याच्या पहिल्याच वर्षी या शास्त्राची चौकट मांडली. नाव जडजंबाल असलं तरी आपल्याकडच्या शिक्षकांना त्याचं मूळ अनोळखी नाही. डी.एड., बी.एड.च्या पुस्तकात थॉर्नडाइकची पिंजऱ्यातली मांजर आणि स्किनरचं दाणे टिपणारं कबूतर प्रत्येकाने पाठ केलेलं असतं. ज्या वागण्यानंतर काही हवंसं घडतं ते वागणं वाढतं, याला पुस्तकात ‘प्रबलन’ म्हणतात. घरात आपण ‘खतपाणी घालणं’ म्हणतो. परीक्षेत त्यावर गुण मिळतात, आणि मग वर्गात गेल्यावर मांजर-कबूतर कपाटात राहतात आणि हातात पट्टी येते. निदान २०१० पर्यंत तरी येत होती. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली. पट्टी काढून घेतली, पण तिच्या जागी काय धरायचं हे मात्र कुणी नीट समजावून सांगितलं नाही, ही अनेक शिक्षकांची तक्रार मला रास्त वाटते.

या शास्त्राचं पहिलं सांगणं असं, की उपाय नंतर. आधी तीन रकान्यांची वही घाला. वागण्याच्या आधी काय झालं, मूल नेमकं काय वागलं, आणि लगेच नंतर काय झालं. ‘उद्धट आहे’, ‘लक्ष नसतं’, ‘घरचे संस्कारच तसे’ असली वाक्यं या वहीत चालत नाहीत, कारण ती मोजता येत नाहीत. ‘फळ्यावर भागाकार लिहिला, शेजाऱ्याची टोपी फेकली, सरांनी वर्गाबाहेर काढलं’ हे चालतं. चार-पाच दिवसांच्या नोंदी एकाखाली एक ठेवल्या, की बहुतेक वेळा तिसरा रकाना बोलू लागतो. मुलाला या वागण्यातून मिळतं काय? कुणाचं लक्ष, नकोशा कामातून सुटका, हवी असलेली वस्तू, किंवा नुसतंच शरीराला बरं वाटणं, जसं पाय हलवण्यातून किंवा पेन चावण्यातून मिळतं. ढोबळमानाने उत्तर या चारांत सापडतं.

आमच्या शाळेत पाचवीत एक मुलगा होता. गणिताच्या तासाला त्याचं काहीतरी निघायचंच. कधी बाकावर कर्कटकाने खरवडणं, कधी मांजराचा आवाज. सर चिडून त्याला बाहेर उभं करत. बाहेर कडुलिंबाची सावली होती आणि कुंपणापलीकडे बोरंवाल्याची गाडी. आम्ही आत अपूर्णांकांशी झुंजत असू आणि तो कुंपणाशी उभा राहून बोरांचा भाव विचारत असे. आम्हाला त्याचा हेवा वाटे. सरांना वाटे, आपण शिक्षा करतोय. तिसरा रकाना कुणी लिहिला असता तर दिसलं असतं, की सर रोज न चुकता त्याला बक्षीस देत होते.

अशा मुलाचं काय करायचं? एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांचा १९८५ सालचा अभ्यास इथे उपयोगी पडतो. त्यांच्यापुढे विकासात अडचणी असलेली चार मुलं होती. आरडाओरडा, मारणं, वस्तू फेकणं नित्याचं. आधी त्यांनी शोधलं, की हे कशासाठी चाललंय. जी मुलं अवघड कामापासून पळत होती त्यांना त्यांनी एक वाक्य शिकवलं : ‘मला हे समजत नाही.’ जी लक्ष मागत होती त्यांना दुसरं : ‘मी बरोबर करतोय का?’ वाक्य उच्चारलं की मदत मिळे, किंवा शाबासकी. गोंधळ झपाट्याने उतरला. आणि वाक्यांची अदलाबदल केली, म्हणजे लक्ष हवं असलेल्याला मदतीचं वाक्य दिलं, तर गोंधळ होता तसाच राहिला. वरून सारखं दिसणारं वागणं दोन मुलांत दोन वेगळ्या गोष्टी मागत असतं, हे याहून नेमकं क्वचितच कुणी दाखवलं असेल. आमच्या पाचवीतल्या त्या मित्राला ‘सर, अपूर्णांक कळले नाहीत’ एवढं म्हणायची सोय असती, तर बोरंवाल्याचं एक गिऱ्हाईक कमी झालं असतं इतकंच.

आता कौतुकाबद्दल. आपल्याकडे ते एक तर होतच नाही, नाहीतर घाऊक होतं. ‘व्हेरी गुड’, हातावर पेनने काढलेला स्टार, सगळ्यांसाठी एक टाळी. मुलाला कशाबद्दल हे मिळालं तेच कळत नाही. ‘छान’ म्हणण्याऐवजी ‘मी फळ्याकडे वळले तरी तू लिहीत राहिलीस’ असं म्हटलं, तर कोणतं वागणं पुन्हा करायचं याचा पत्ता लागतो. आणि ते तेव्हाच्या तेव्हा यायला हवं. शनिवारी वर्गापुढे उभं करून मंगळवारच्या वागण्याची तारीफ करणं म्हणजे पाऊस पडून गेल्यावर छत्री देणं.

मॅडसन-बेकर मंडळींनी आणखी एक गोष्ट १९६८ सालीच तपासली. भिंतीवर नियम लिहून ठेवले तर? जवळपास काहीच फरक पडला नाही. (आपल्या शाळांच्या भिंतींवरचे सुविचार आठवून मला याचं नवल वाटलं नाही.) नुसतं दुर्लक्ष केलं तर? तेही धड नाही. नियम स्पष्ट सांगितले, बारीकसारीक खोड्यांकडे दुर्लक्ष केलं आणि चांगल्या वागण्याचं कौतुक केलं, तेव्हा वर्ग बदलला. त्यातही सर्वांत मोठा वाटा कौतुकाचा.

दुर्लक्षाबाबत एक सावधगिरी सांगायला हवी, कारण बहुतेक शिक्षक इथेच हार मानतात. रिमोटचे सेल संपले की आपण काय करतो? खाली ठेवत नाही. आधी जोरात दाबतो, मग तळहातावर आपटतो, मग सेल फिरवून बघतो. ज्या चाळ्याला आजवर लक्ष मिळत होतं ते अचानक मिळेनासं झालं, की मूलही आधी जोरच वाढवतं. नेमक्या त्याच वेळी शिक्षकाचा संयम सुटून ओरडा बसला, तर मूल शिकतं ते एवढंच : पूर्वीइतकं पुरत नाही, आता जास्त करावं लागतं. शेवटपर्यंत निभवायची तयारी नसेल, तर दुर्लक्ष सुरूच करू नये. आणि मारामारी किंवा कर्कटक टोचणं याकडे दुर्लक्ष करा, असं हे शास्त्र मुळीच सांगत नाही.

एकेका मुलाची वही घालायची हे ठीक, पण अख्खा वर्गच उधळलेला असेल तर? कॅन्ससमधल्या चौथीच्या एका वर्गात २४ मुलं होती. त्यांतल्या सात जणांच्या तक्रारी मुख्याध्यापकांपर्यंत गेलेल्या. १९६९ साली हॅरिएट बॅरिश, म्युरिएल सॉन्डर्स आणि मॉन्ट्रोज वुल्फ यांनी त्या वर्गावरचा अभ्यास छापला. उपाय होता एक खेळ. वर्गाचे दोन संघ. विचारल्याशिवाय बोललं किंवा उठलं, की फळ्यावर त्या संघाच्या नावावर एक रेघ. ज्यांच्या रेघा कमी तो संघ जिंकला, पण रेघा ठरावीक आकड्याच्या आत राहिल्या तर दोन्ही संघ जिंकू शकत. बक्षीस फुकटचं : जेवणाला रांगेत आधी जाणं, नावापुढे चांदणी, दिवसाच्या शेवटी मोकळा वेळ. आधी गणिताच्या तासाला निरीक्षणाच्या ९६ टक्के तुकड्यांत कुणीतरी मध्येच बोलत होतं आणि ८२ टक्क्यांत कुणीतरी उठलेलं असे. खेळात हे आकडे १९ आणि ९वर आले. गणिताच्या तासाला खेळ थांबवून वाचनाच्या तासाला सुरू केला, तर गोंधळ वाचनातून उठून गणितात परतला. कारण खेळच आहे, हे यावरून पक्कं झालं.

एक खाचही याच वर्गात दिसली. दोन मुलांनी जाहीर केलं, आम्ही खेळणार नाही, आणि मुद्दाम नियम मोडायला लागली. त्यांच्यापायी संघाला रेघा बसणं अन्यायाचं होतं, म्हणून त्या दोघांना वेगळं काढलं गेलं. वर्गातल्या सामूहिक शिक्षेत आपण असे वेगळे काढणारे हात क्वचितच पाहिले आहेत. एकाने केलं आणि सगळ्यांनी अंगठे धरले, हीच आपली रीत.

पुढे बाल्टिमोरमध्ये शेपर्ड केलम यांच्या गटाने हा खेळ १९८५पासून पहिलीच्या वर्गांत राबवला आणि ती मुलं मोठी होईपर्यंत त्यांचा माग ठेवला. पहिलीत जे मुलगे जास्त आक्रमक होते, त्यांच्यात तरुणपणी अमली पदार्थांच्या गैरवापराचं प्रमाण न खेळलेल्यांच्या तुलनेत कमी आढळलं. फळ्यावरच्या खडूच्या रेघांनी इतक्या लांब पोचावं, हे मला अजूनही थोडं अविश्वसनीय वाटतं.

मला स्वतःला सर्वांत आवडतो तो मात्र १९६३ सालचा लॉइड होम यांचा बालवाडीतला प्रयोग. तीन वर्षांची तीन मुलं; त्यांना पळायचं, किंचाळायचं, खुर्च्या ढकलायच्या. होम यांनी हे सगळं बंद केलं नाही. थोडा वेळ शांत बसून फळ्याकडे बघितलं, की घंटा वाजे आणि मुलांना सांगण्यात येई : चला, आता पळा आणि किंचाळा! पुढे मुलं थोडं काम करून कचऱ्याची टोपली लाथाडण्याचा, चाकाच्या खुर्चीत बसलेल्या संशोधकाला खोलीभर ढकलण्याचाही हक्क कमावू लागली. जे मूल आपणहून सारखं करतं तेच त्याचं बक्षीस, हे डेव्हिड प्रिमॅक यांचं तत्त्व. ‘आधी भाजी, मग आंबा’ म्हणणाऱ्या आज्या ते कुठल्या विद्यापीठात शिकल्या होत्या?

या शास्त्राची कीर्ती निष्कलंक मात्र नाही. स्वमग्न मुलांवर साठच्या दशकात इव्हार लोव्हास यांनी चापट आणि विजेचे झटकेही वापरले. आज मोठ्या झालेल्या अनेक स्वमग्न व्यक्ती सांगतात, की आम्हाला आमचं असणंच लपवायला शिकवलं गेलं. बक्षिसांचाही तोटा असतो. १९७३ साली स्टॅनफर्डच्या बालवाडीत, चित्रं काढण्याची मुळातच आवड असलेल्या मुलांना ‘चित्र काढ, प्रशस्तिपत्र मिळेल’ असं सांगितलं गेलं. पुढच्या आठवड्यांत ती मुलं बिनबक्षिसाच्या वेळी चित्रांकडे इतरांच्या जवळपास निम्माच वेळ वळली. ज्यांना प्रशस्तिपत्र अचानक मिळालं, त्यांची आवड शाबूत राहिली. जिथे आवड आहे तिथे लालूच ठेवू नये.

पण सर्वांत झोंबणारा आक्षेप घरातूनच आला. रिचर्ड विनेट आणि रॉबिन विंकलर यांनी १९७२ साली या विषयाच्याच नियतकालिकातले आधीचे शाळांवरचे अभ्यास तपासले आणि विचारलं, की ही सगळी तंत्रं वापरून आपण मुलांना शिकवतोय काय? हलू नका, बोलू नका, सांगितलेलं ऐका. त्यांच्या लेखाच्या शीर्षकाचा मराठी अनुवाद आपल्या प्रत्येक शाळेत आधीच तयार आहे : हाताची घडी, तोंडावर बोट. मुलाने जागेवर बसणं हे मोजायला सोपं असतं म्हणून तेच ध्येय ठरतं. बसून ते काय शिकलं हा रकाना वहीत राहूनच जातो. तंत्र वापरण्याआधी शिक्षकाने स्वतःला विचारावं, की हे वागणं बदलल्याने मुलाचं भलं होणार आहे, की माझं डोकं शांत राहणार आहे? कधीकधी उत्तर दुसरंच असतं, आणि साठ मुलांच्या वर्गात तेही काही गुन्हा नाही. फक्त ते मान्य करावं.

दोन इयत्ता एका खोलीत सांभाळणाऱ्या द्विशिक्षकी शाळेतल्या गुरुजींना रोज तीन रकाने भरायला सांगणं हे वेतनाशिवाय कारकुनी सांगण्यासारखं आहे. त्यांच्यासाठी सोपी युक्ती आहे. एका वाटीत दहा चिंचोके ठेवायचे; मुलाच्या चांगल्या वागण्याचं नेमकं कौतुक केलं की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. तासाला किती हलले ते बघायचं. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवलेल्या माझ्या मावशीला मी हे सांगितलं, तेव्हा तिने हसून उडवून लावलं. मग गुपचूप करूनही पाहिलं. पहिल्या दिवशी दोनच चिंचोके हलले. त्यातलाही एक, ती म्हणाली, नोटीस घेऊन आलेल्या शिपायाला ‘बरं झालं वेळेवर आलात’ म्हटल्याचा होता.