भ्रमणध्वनीचा क्रमांक कोणत्या गावचा?

अमेरिकेतील लहान गावात नवा भ्रमणध्वनी घेणाऱ्यास शेजाऱ्याने घरच्या तारेच्या दूरध्वनीवरून फोन केला, तर शेजाऱ्याच्या बिलात कधीकधी परगावचा आकार लागतो! याचे मूळ क्रमांकाच्या रचनेत आहे. १९४७ मध्ये आखलेल्या तेथील पद्धतीत दहा अंकांपैकी पहिले तीन विभागाचे, पुढचे तीन एक्स्चेंजचे असतात. आणि प्रत्येक एक्स्चेंज एका आकारणी केंद्राला जोडलेले असते. यंत्र कोणाच्या खिशात आहे हे पाहिले जात नाही. दर ठरतो तो दोन केंद्रांवरून. कंपन्या प्रत्येक गावासाठी स्वतंत्र क्रमांकमालिका घेत नाहीत, जवळच्या शहराचा क्रमांक देऊन मोकळ्या होतात. भुर्दंड ग्राहकाला नव्हे, त्याला फोन करणाऱ्यांना पडत असल्याने तो त्याच्या ध्यानातही येत नाही. देशभर एकच ठोक आकार देणाऱ्या घरांना आता ही अडचण उरलेली नाही. जुन्या योजनांवरील वृद्धांना मात्र ती जाणवते. आपल्याकडे भ्रमणध्वनीचा क्रमांक गावाशी नव्हे, दूरसंचार परिमंडळाशी निगडित असतो. तेथे मात्र क्रमांक घेतानाच आकारणी केंद्र विचारून घ्यावे, अथवा २००३-०४ पासून उपलब्ध झालेल्या सोयीनुसार घरचा जुना क्रमांकच भ्रमणध्वनीवर न्यावा.