डेसिबल म्हणजे किलो नव्हे

डेसिबल हे किलो किंवा लिटरसारखेच एक माप आहे, हा आवाजाबद्दलचा सर्वांत चिवट गैरसमज. आवाज म्हणजे हवेच्या दाबातली बारीक, वेगवान कमीजास्त. निरोगी कानाला जेमतेम ऐकू येणारा दाब 20 मायक्रोपास्कल धरतात. तो 0 डेसिबल. म्हणजे शून्य डेसिबलला आवाजच नसतो, असे नाही. पुढचा प्रत्येक आवाज या पायाच्या तुलनेत केवढा, ते गुणोत्तर लॉगरिदमने मांडले जाते. तीव्रता दहापट झाली की आकडा 10 ने वाढतो, शंभरपट झाली की 20 ने.

पुणे-नगर रस्त्यावर, वाघोलीच्या केसनंद फाट्याशी एक डंपर इंजिन चालू ठेवून उभा आहे आणि समोरच्या दुकानाच्या दारात त्याचा आवाज 80 डेसिबल भरतो, असे धरू. शेजारी तसाच दुसरा डंपर येऊन थांबला, तर मापक 160 दाखवत नाही, 83 दाखवतो. 90 व्हायला असे दहा डंपर लागतील. मात्र उलट बाजूने पाहिले तर ‘फक्त तीनच डेसिबल वाढले’ हा दिलासाही खोटा ठरतो, कारण कानावर येणारी ऊर्जा दुप्पट झालेली असते. ऐकणाऱ्याला मात्र आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबलची वाढ लागते. आकडा, ऊर्जा आणि जाणीव या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक घोटाळा इथेच होतो.

रस्त्यापासून दुप्पट लांब गेले की आवाज निम्मा होतो, हीही अशीच समजूत. एकट्या डंपरचा आवाज दुप्पट अंतरावर 6 डेसिबलने उतरतो. पण वाहनांची अखंड रांग असेल तर जेमतेम 3 ने. रात्री महामार्ग जवळ आल्यासारखा वाटतो, त्याचे कारण केवळ शांतता नव्हे. निरभ्र, थंड रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, ध्वनिलहरी खाली वळतात आणि दूरवर पोचतात.

‘मापकाने मर्यादेतला आकडा दाखवला, मग काच का थरथरते?’ या प्रश्नात तक्रारदार खोटा नसतो. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांतली पट्टी डेसिबल-ए ही आहे. कानाला हळू आवाजातले खर्ज कमी ऐकू येतात, म्हणून ती खर्जाचे वजन कापते: 63 हर्ट्झला 26 डेसिबल, 10 हर्ट्झला तब्बल 70. वाघोली, भावडी, लोणीकंद या दगडखाणींच्या पट्ट्यात सुरुंग उडतो तेव्हा दाबलहरीचा बराच भाग 20 हर्ट्झच्या खाली असतो. कानाला तो ऐकू येत नाही, तावदानाला कळतो. मिरवणुकीतल्या डीजेचा 63 हर्ट्झचा 100 डेसिबलचा ठोका या पट्टीवर 74 च उरतो. खर्ज जोखायला डेसिबल-सी ही पट्टी अधिक योग्य.

2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. हे आकडे क्षणाचे नाहीत, सरासरीचे आहेत. म्हणून ‘हॉर्न दोन सेकंदांचा, त्याने काय होते’ असे म्हटले जाते. पण ही सरासरी ऊर्जेची असते. तासाभरात सगळे मिळून केवळ 36 सेकंद 100 डेसिबलचे हॉर्न वाजले आणि बाकी वेळ सामसूम राहिली, तरी त्या तासाची सरासरी 80 येते.

मोबाइलवरच्या ॲपचा आकडा पुरावा म्हणून पुढे करणे योग्य नाही. मोबाइलचा माइक बोलणे टिपण्यासाठी बनवलेला असतो. मोठा आवाज आणि खर्ज तो विश्वासार्हपणे मोजत नाही. खरे मापक प्रत्येक मोजणीआधी तपासतात. त्याच्या माइकवर एक छोटे यंत्र बसवून 1000 हर्ट्झचा 94 डेसिबलचा सूर सोडतात. 94 च का, तर तो दाब जवळजवळ 1 पास्कल असतो, म्हणजे 20 मायक्रोपास्कलच्या 50,000 पट.