विष्णुपुरीच्या अलीकडचे दवाखाने

नांदेडहून लातूरकडे निघालेल्या प्रवाशाला गोदावरी ओलांडल्यावर विष्णुपुरीचा परिसर लागतो. नदीला बांध घालून येथे जो विस्तीर्ण जलाशय निर्माण झाला त्याला शंकरसागर म्हणतात, आणि त्यातील पाणी यंत्रबळाने उपसून उंचावरील शेतांना पोहोचविणारी येथील योजना हा साऱ्या मराठवाड्याच्या अभिमानाचा विषय आहे. १९८८ साली नांदेडच्या वजिराबादेत श्री गुरु गोविंदसिंगजी स्मारक रुग्णालयाच्या आश्रयाने सुरू झालेले, आणि पुढे येथील प्रशस्त इमारतींत मुक्कामास आलेले डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय याच परिसरात आहे. किनवट-माहूरच्या डोंगरांतून, देगलूर-बिलोलीच्या सरहद्दीवरून, परभणी-हिंगोलीकडून, किंबहुना तेलंगणाच्या हद्दीतूनही माणसे आपला रुग्ण घेऊन या दारी येतात.

या मोठ्या वास्तूविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले. तिच्या दारी पोहोचण्यापूर्वी रुग्ण ज्या धाकट्या दवाखान्यांवरून पुढे येतो, त्यांचा परिचय मात्र वाचकांना फारसा नसतो. पाच हजार वस्तीमागे एक उपकेंद्र, तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि सव्वा लाखाच्या आसपास वस्तीमागे तीस खाटांचे एक ग्रामीण रुग्णालय, अशी ही सरकारी उतरंड आहे. डोंगराळ व आदिवासी मुलखासाठी हीच प्रमाणे अनुक्रमे तीन हजार, वीस हजार व ऐंशी हजार अशी उदार केलेली आहेत.

ही कल्पना मुळात याहून कितीतरी भव्य होती. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ साली नेमलेल्या समितीने १९४६ साली जो अहवाल सादर केला, त्यात दहा ते वीस हजार लोकांमागे पंचाहत्तर खाटांचे एक प्राथमिक केंद्र असावे, हे दूरचे उद्दिष्ट ठेवले होते. त्या समयी मराठवाडा निजामाच्या अमलाखाली होता. तो मुक्त झाला १७ सप्टेंबर १९४८ रोजी. पुढे १९५२ साली सामूहिक विकास योजनेच्या अंगाने देशात आरोग्य केंद्रे उघडू लागली खरी, पण पंचाहत्तर खाटांच्या जागी सहा खाटा आल्या आणि वीस हजारांच्या जागी आजच्या प्रमाणानेही तीस हजार माणसे आहेत. आजच्या केंद्राचे मोजमाप करताना हे मूळ माप दृष्टीआड करणे मला अन्यायाचे वाटते.

तरीही या सहा खाटांच्या घरात काय काय घडते ते पाहावे. औषधाच्या खोलीत लसींचे शीतकपाट दोन ते आठ अंश तापमानात राखलेले असते, आणि वीज गेली की कर्मचाऱ्यांचा जीव त्या कपाटात अडकतो. पावसाळ्यात, सोयाबीन-कापसाच्या खुरपणीच्या दिवसांत, सर्पदंश झालेला शेतमजूर बैलगाडीतून वा मोटारसायकलवर मध्ये बसवून आणला जातो; नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सर्पांच्या विषावर चालणारी लस तेथे असली आणि ती देण्याचे धैर्य असलेला वैद्यकीय अधिकारी त्या रात्री मुक्कामी असला, तर पुढचा प्रवास बहुधा वाचतो. आमच्याच मराठवाड्यातील, जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिम्मतराव बावस्कर कोकणात महाडजवळच्या बिरवाडी येथील असल्याच प्राथमिक केंद्रात रुजू झाले, विंचूदंशाने तडफडणाऱ्या रुग्णांच्या उशाशी रात्रीच्या रात्री बसले, आणि प्राझोसिन नामक औषधाचा उपयोग त्यांनी सिद्ध करून दाखविला. ज्या व्याधीने शेकड्यास चाळीसपर्यंत रुग्ण दगावत, तिचे मृत्यू शेकड्यास एकाच्या घरात आले. वैद्यकशास्त्रात अशी भर घालणारी वास्तू लहान म्हणता येत नाही.

आणि उपकेंद्रातील आरोग्यसेविका! गावात तिला सिस्टर म्हणतात. गर्भवतीचा रक्तदाब पाहणे, रक्तातील हिमोग्लोबिन मोजणे, पायांवरची सूज ओळखणे आणि नोंदवहीत प्रसूतीची अदमासे तारीख टिपणे, ही तिची कामे दिसायला सामान्य आहेत. परंतु सातव्या महिन्यात ओळखलेला रक्तक्षय गोळ्यांनी आटोक्यात येण्याची आशा असते, आणि न ओळखलेला तोच रक्तक्षय बाळंतपणाच्या रात्री रुग्णवाहिकेतून विष्णुपुरीला धाव घ्यायला लावतो. त्यातच मुखेड-कंधारकडची अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला परमुलखात जातात. सहा महिन्यांची गर्भवती गाडीत बसते. सिस्टरच्या वहीतला तिचा रकाना तेथेच थांबतो. या रकान्याला माणसाबरोबर फडापर्यंत पोहोचविण्याची तजवीज हे माझ्या मते आमच्या आरोग्य-कारभारापुढचे पहिले काम आहे.

जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० पासून निरक्षर ग्रामीण स्त्रियांनाच आरोग्यसेवेचे शिक्षण देऊन, ही कामे गावातल्या गावात किती दूरवर नेता येतात, हे जगाला दाखविले. आजच्या आशाताई त्याच वाटेने चालल्या आहेत.

२०२३ च्या सप्टेंबरअखेरीस व ऑक्टोबरच्या प्रारंभी विष्णुपुरीच्या रुग्णालयात एका अहोरात्रात चोवीस रुग्ण दगावले. त्यांत बारा नवजात अर्भके होती. सारा महाराष्ट्र हळहळला, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधांची, खाटांची, मनुष्यबळाची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. मला त्या वेळी राहून राहून वाटत होते, की त्या बारा अर्भकांच्या मातांचा मार्ग उलट दिशेने, तालुक्यापर्यंत, केंद्रापर्यंत, उपकेंद्राच्या वहीपर्यंत कोणीतरी शोधीत जावे: कोठे भूलतज्ज्ञाची जागा रिकामी होती, कोठे रक्तसाठा नव्हता, कोठे केवळ चिठ्ठी लिहून ‘नांदेडला न्या’ एवढेच सांगितले गेले. ग्रामीण रुग्णालयात शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ व भिषक असावेत हा नियम आहे, आणि नियमाप्रमाणे माणूस नसला की त्याचे ओझे शेवटी विष्णुपुरीच्या खाटेवर येऊन पडते.

प्रत्येक केंद्राची एक रुग्ण कल्याण समिती असते आणि तीत लोकांचे प्रतिनिधी बसतात. वाचकांना माझी विनंती आहे: आपल्या गावचे उपकेंद्र कोणते, त्याची सिस्टर कोठे राहते, जवळच्या केंद्रात सर्पदंशाची लस आहे की नाही आणि ग्रामीण रुग्णालयातील कोणती जागा किती दिवस रिकामी आहे, याची चौकशी येत्या ग्रामसभेत उभे राहून करा, आणि मिळालेले उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.